बदामीत डोंगरातली सोपी पायवाट कुठली? सोबत आई आणि ८ वर्षांचा पोरगा

मंगळवारपेठकर:
मंडळी, डिसेंबरात शनिवार-रविवार धरून बदामीला जायचं ठरलंय, कोल्हापुरातनं गाडीनं, निपाणी, संकेश्वर, गोकाक करत. लेणी तर बघणारच पण मला त्या तांबड्या दगडांतनं जरा निवांत हिंडायचंय, पोराला पक्षी-सरड्यांचं लई याड आहे. आईचे गुडघे दुखतात, सपाटीला तासभर चालते पण पायऱ्या नको म्हणते. काय जमेल?

मसाईपठार:
आईंना अगस्त्य तळ्याच्या कडेनं न्या, म्युझियमपासनं भूतनाथ देवळापर्यंत. वाट जवळजवळ सपाट आहे आणि दोन्हीकडं कडे उभे, कुठंही बसता येतं. संध्याकाळी जावा, देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे, उतरतं ऊन थेट दगडावर येतं आणि सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसतो. आपल्याकडं काळा बेसॉल्ट नाहीतर पन्हाळ्याचा जांभा, दोन्ही लाव्हाचेच, पण बदामीचा वालुकाश्म म्हणजे पाण्यानं आणलेली वाळू थरावर थर बसून झालेला दगड, आपल्या लाव्हाच्या कितीतरी आधीचा. काही ठिकाणी लाटांच्या रेघा दगडातच राहिल्यात, ओढ्याच्या तळाला वाळूवर असतात ना तशाच. पोराला हात फिरवून बघायला सांगा, मी स्वतः अर्धा तास तिथनं हललो नव्हतो.

चिरक:
पोराला घेऊन तुम्ही सकाळी लवकर सिडिलफडीला जा, आईंना रूमवर थांबू दे. झुडपातनं वाट आहे, दगडाची नैसर्गिक कमान आणि आदिमानवाच्या काळातली पुसट चित्रं आहेत. चढ फार नाही पण वाटा फुटतात, म्हणून गावातला माणूस सोबत घ्याच. तरवड-बोरीच्या झुडपात चिरक पक्षी हमखास दिसतो, काळा, खांद्यावर पांढरा ठिपका, शेपटी सारखी वर. खडकावरचे सरडे ऊन चढलं की बाहेर येतात, पण नराचा लालभडक रंग पावसाळ्यात, डिसेंबरात मातकटच असतात, हे पोराला आधीच सांगा म्हणजे हिरमुसणार नाही.

जोतिबा_रोड:
तीन गोष्टी. लेण्यांपाशी माकडं हातातली पिशवी ओढतात, खाणं बाहेर काढू नका. आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात, अत्तर-सेंट नको, तिथं आरडाओरडा नको. कपारीत हात घालायचा नाही, फुरसं असतं.

मंगळवारपेठकर:
लई आभार सगळ्यांचे. तिसरं लेणं तरी आईला दाखवायचंय, तो ५७८ सालचा चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा शिलालेख तिथंच ना? किती पायऱ्या चढायच्या?

मसाईपठार:
हो, तिथंच, आणि चारांत सगळ्यात मोठं तेच. पायऱ्या मोजल्या नाहीत ताई-दादा, पण उंच आहेत. पहिल्या लेण्यापर्यंत न्या, तिथं बसवा, गुडघे कसे आहेत बघून मग पुढचं ठरवा.