‘कार्बन क्रेडिट’ला मराठीत काय म्हणावं?

कोयनाकाठ
पाटण तालुक्यातल्या एका वाडीसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. विषय असा: गावानं मिळून जंगल राखायचं, तोड आणि वणवा थांबवायचा. त्यामुळं झाडांत जो कार्बन टिकून राहतो तो मोजून त्याची क्रेडिट्स विकायची आणि पैसा गावाला यायचा. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. मी ‘कार्बन पत’ लिहिलं होतं. बैठकीत वाचून दाखवलं तर एक आजी म्हणाल्या, “पत म्हंजी कर्ज आलं. फेडायचं कुणी? आन् न्हाय फिटलं तर डोंगर जप्त का?” पुढची सगळी चर्चा जप्तीवरच गेली. दुसरा शब्द सुचवा.

ऊसवाला वाळवा
आजी बरोबर बोलल्या. पत म्हटलं की पतसंस्था, सोसायटी, जामीनदार हेच डोळ्यांपुढं येतं. इथं तर गावाचं येणं आहे, देणं नाही. ‘कर्ब जमा’ करा. कर्ब शेतकऱ्याला नवा नाही. माती तपासून आणली की अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ असतोच.

जुना मास्तर, वाई
कर्बाला माझं अनुमोदन. ‘कर्बोदके’ शिकवायची आणि ‘कार्बन’ लिहायचं, हे विसंगत आहे. माझ्या मते कर्बचा धागा संस्कृत ‘कर्बुर’शी जुळतो. ‘जमा’ मात्र अरबी. ‘कर्बश्रेय’ म्हणा. विश्वकोशाच्या गावात राहून एवढा आग्रह धरायलाच हवा.

भाषांतरवाली
मास्तर, कर्ब हा ‘कार्बन’च आहे, शेपूट छाटलेला. कर्बुर म्हणजे रंगीबेरंगी, कोळशाशी त्याचं काय नातं? ‘श्रेय’ म्हटलं की पेपरातला श्रेयवाद आठवतो, पुढाऱ्यांचे फलक आठवतात. आणि अरबी-फारसी काढायचंच ठरवलं तर जमीन, मालक, हक्क सगळेच जातील. मग पत्रकात उरेल काय?
पण ‘जमा’लाही माझा विरोध आहे. लोक खात्यात पैसे शोधतील. पैसे विक्री झाल्यावर येतात आणि भाव ठरलेला नसतो. क्रेडिट हा कागद आहे: बाहेरचा तपासनीस पडताळणी करतो, नोंदवहीत क्रमांक पडतो, विकत घेणाऱ्यानं आपण सोडलेल्या धुराची भरपाई म्हणून वापरला की तो कायमचा रद्द होतो. याला मराठीत ‘दाखला’ म्हणतात.

आटपाडीची लेक
दाखला म्हटलं की तलाठ्याकडं हेलपाटे. नको बाई! ‘क्रेडिट’च ठेवा, मोबाईलवाल्या पोरांना कळतं.
मला वेगळंच खटकतंय. पत्रकाचं नाव काय ठेवलंय?

कोयनाकाठ
‘आपलं रान, आपण राखू’.

आटपाडीची लेक
तेच म्हणते. आमच्याकडं रान म्हणजे शेत. “बा रानात गेलाय” म्हणजे ज्वारीला पाणी द्यायला गेलाय. सांगलीच्या माणसाला हे नाव पाखरं हाकायचं वाटेल!

ऊसवाला वाळवा
खरंय. आमचं ‘खारवट रान’ म्हणजे कृष्णाकाठची मीठ फुटलेली जमीन, जंगल नव्हे. ‘राई’ म्हणा. देवराई सगळ्यांना माहीत आहे.

जुना मास्तर, वाई
रान हे अरण्याचंच रूप: अरण्य, रण्ण, रान. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कमी पावसाचा, कोरडा मुलूख. त्या हिशोबानं आटपाडी हे खरं जंगल, कोयना नव्हे.

भाषांतरवाली
‘देवराई’ घातलीत तर लोकांची फसगत होईल. देवाच्या भीतीनं जी राई कुणी तोडतच नाही, तिला क्रेडिट मिळणं अवघड. योजना नसती तर किती तोड झाली असती आणि आता किती वाचलं, हा फरकच मोजतात. इथली तोड थांबून पलीकडच्या खोऱ्यात सुरू झाली तर तेही वजा होतं. त्या फरकाला ‘अतिरिक्तता’ लिहिलेलं पाहिलंय. मला ते भयंकर वाटतं.

ऊसवाला वाळवा
‘वाढावा’ लिहा. हिशोबातला जुना शब्द आहे, आमचे आजोबा वापरायचे. आणि पलीकडच्या तोडीला ‘गळती’. शाळागळती, पाणीगळती, सगळ्यांना समजतं.

जुना मास्तर, वाई
वाढावा उत्तम. पत्रकात ‘समुदायाधारित’ असेल तर तेसुद्धा काढा. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळं ‘सामूहिक वनहक्क’, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, हा शब्द रुळलाय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला.

कोयनाकाठ
तो शब्द मला घेता येत नाही, मास्तर. या वाडीचा डोंगर मालकीचा आहे, एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईत. सामूहिक लिहिलं की “आमची नावं कमी करणार का?” हेच विचारतील. ‘सामायिक’ कसा वाटतो? सातबाऱ्यावर तोच असतो.

भाषांतरवाली
सामायिक छान. पण भावकीची भांडणंही त्याच शब्दानं आठवतात.

आटपाडीची लेक
डोंगराचं झालं, माळाचं काय? गवतही जमिनीत कर्ब साठवतं. तरी कागदोपत्री आमचा माळ ‘पडीक’! मेंढरं त्यावर चरतात, लांडगा त्यावर जगतो, आणि पडीक म्हटलं की कुणीही येऊन खड्डे खणून झाडं लावतो. आधी हा शब्द बदला.

ऊसवाला वाळवा
आमच्याकडं मुद्दाम न पेरलेल्या वावरालाही पडीक म्हणतात, त्यात अपमान नाही.

आटपाडीची लेक
वावर पेरायचं थांबलं म्हणून पडीक. माळ कधी पेरलाच नव्हता, दादा.