20 महिन्यांच्या मुलाच्या कानाच्या तपासणीसाठी कोणाकडे जावं? (सातारा/पुणे)

गुलबक्षी:
आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगा 20 महिन्यांचा आहे. हाक मारली तर वळून बघत नाही, पण ताट पडलं की दचकतो. अजून 'आई' म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले. त्यावर विसंबून मी सहा महिने घालवले, ते आता खूप सलतंय. जन्मल्यावर कावीळ झाली म्हणून आठ दिवस काचेच्या पेटीत होता. तेव्हा कानाची तपासणी झाली, 'पास' असा कागद आहे. आता बालरोगतज्ज्ञांनी बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, करायला सांगितलंय. मागच्या आठवड्यात श्रवणयंत्रांच्या एका दुकानात मोफत तपासणी होती म्हणून गेलो, तर दहा मिनिटांत दोन्ही कानांच्या यंत्रांचं सव्वा लाखाचं कोटेशन हातात ठेवलं. पुण्याला जावं की मुंबईला? आणि माणूस चांगला आहे हे ओळखायचं कसं?

वाईकर:
ताई, ते कोटेशन आधी बाजूला ठेवा. माझी मुलगी आता 9 वर्षांची आहे, तिला कमी ऐकू येतं हे दीड वर्षाची असताना कळलं. आम्ही नाव मोठं म्हणून मुंबईचे तज्ज्ञ धरले. प्रत्येक फेरीला एक रजा जायची, पोचेपर्यंत पोर किरकिरी व्हायची आणि तपासणी अर्धवट राहायची. लहान मुलांचा कान भराभर वाढतो. काही महिन्यांत यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं, की पुन्हा माप द्यायला जा. शेवटी पुण्यातल्या एका ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंकडे आलो. पहिल्या भेटीत त्यांनी यंत्राचा विषयच काढला नाही. खाली सतरंजीवर बसून मुलीशी खेळत होत्या आणि मधूनच मागून खुळखुळा वाजवून ती बघते का ते पाहत होत्या. तिथेच आमचं ठरलं. निदान किंवा ऑपरेशन यासाठी लांब जावं लागलं तरी जा, पण जिच्याकडे पुढची दहा वर्षं जायचंय ती व्यक्ती हाकेच्या अंतरावरची बघा.

केळफूल:
मी ऑडिओलॉजिस्ट आहे. काविळीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, तिथे गेल्यावर पहिलं तेच सांगा. जन्मानंतर बहुधा ओएई झाली असेल. आतल्या कानातल्या पेशी प्रतिसाद देतात का, एवढंच त्यात कळतं. पुढे नस तो आवाज मेंदूपर्यंत नीट नेते का, हे कळत नाही. तीव्र कावीळ झालेल्या काही बाळांत ओएई पास आणि बेरा बिघडलेली असं निघतं, त्याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. तुमच्या बाळाला तेच असेल असं मुळीच नाही. पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकू कमी येतं. ते टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या तपासणीत, दिसतं आणि त्यावरचा उपचार कान-नाक-घशाचे डॉक्टर करतात. ताट पडल्यावर दचकतो म्हणजे बोलणं ऐकू येतं, असं मात्र धरून चालू नका.

म्हणून एकाच तपासणीवर यंत्र देणारा माणूस नको. बेरा, ओएई, टिम्पॅनोमेट्री आणि खेळातून घेतलेली चाचणी, या सगळ्यांचा मेळ बसायला हवा. फोनवरच विचारा: वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीची टोन बर्स्ट बेरा करता का? यंत्र बसवल्यावर कानात बारीक नळी घालून आवाज मोजता का? आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांकही मागा. मला कोणी मागितला तर मी आनंदाने दाखवते.

पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं कॉलेज आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे, 1983 पासूनची. यंत्र लागलंच तर खिशातून पैसे घालण्याआधी दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी करा.

एक व्यवहाराची गोष्ट. बेरा झोपेत करतात. त्या दिवशी बाळाला पहाटे उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका. साताऱ्याकडची बाळं खंबाटकी घाट येईपर्यंत गाढ झोपतात, आणि आमच्याकडे पोचली की टक्क जागी!

पाटपाणी:
माझ्या नातीला दोन्ही कानांना यंत्रं आहेत. तिच्या ऑडिओलॉजिस्ट ताईंनी मला, आजीला, शिकवलं म्हणून त्या मला आवडल्या. रोज सकाळी मी तिच्या मागे बसून आ, ई, ऊ, म, स, श म्हणते. आवाज आला की ती वाटीत एक राजमा टाकते. 'स'ला राजमा पडला नाही तर आधी बॅटरी बघते, मग ताईंना फोन. घरच्यांना असं हाताशी घेणारी व्यक्ती शोधा. आणि गुलबक्षी, सहा महिन्यांचं मनाला लावून घेऊ नकोस गं.

गुलबक्षी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून रडू आलं. पुण्यात दोन ठिकाणी फोन केले. एकीकडे टोन बर्स्ट म्हटल्यावर 'ते इथे आल्यावर बघू' म्हणाले. दुसरीकडे बाई स्वतः फोनवर आल्या, नोंदणी क्रमांक दिला आणि पेटीत किती दिवस होता ते विचारलं. गुरुवारची वेळ घेतलीय. जन्माच्या वेळची फाईल सापडली, त्यात बिलिरुबिनचे, म्हणजे काविळीचे, रोजचे आकडे आहेत. ती नेऊ ना?

केळफूल:
नक्की न्या. आणि झोपताना लागणारं त्याचं दुपटंही न्या.