१३ हात वर, तरी ठराव पडला. व्हेटो काढायलाच हवा

रानपाखरू:
८ डिसेंबर २०२३ ला गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मतदान झालं ते मी लाइव्ह बघत होतो. बाजूने १३ हात वर, ब्रिटन तटस्थ, आणि विरोधात अमेरिकेच्या प्रतिनिधीचा एकच हात. झालं, ठराव बारगळला. कारण पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) एकानेही नकार दिला की ठराव पडतो, हाच तो व्हेटो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर ज्याने युक्रेनवर हल्ला केला त्या रशियानेच स्वतःविरुद्धचा ठराव हाणून पाडला, ११ मतं बाजूने असून. १९४५ मध्ये जिंकणाऱ्यांनी खुर्च्या वाटून घेतल्या त्या अजून त्यांच्याकडेच आहेत आणि आफ्रिकेच्या ५४ देशांना मिळून एकही कायमची जागा नाही. हे बघून खरंच जीव तुटतो.

कोरी पाटी:
भावना पटली, पण काढणार कसा? संयुक्त राष्ट्रांची सनद, म्हणजे मूळ नियम, बदलायला दोन तृतीयांश देश लागतात आणि त्यात पाचही कायम सदस्यांची मंजुरी लागते. आणि समजा निघाला, मग काय अण्वस्त्रधारी देशावर बहुमताच्या जोरावर सैन्य धाडणार? १९३३ मध्ये जपान आणि जर्मनी राष्ट्रसंघ (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) सोडून गेले, पुढे तो नावापुरता उरला. मोठे देश आत आहेत ते व्हेटो आहे म्हणूनच.

सांजवेळ:
मला तर संयुक्त राष्ट्रांची आमसभा, जिथे सगळे देश बसतात, तीही लोकशाही वाटत नाही. तुवालूची लोकसंख्या १०-११ हजार, चीनची १४० कोटी, दोघांना एकेकच मत. शिवाय ते मत सरकारचं, लोकांना कोण विचारतंय? युरोपियन संसदेला १९७९ पासून लोक थेट मत देतात, तसं काहीतरी जगासाठी का नको?

कोरी पाटी:
@सांजवेळ, जिथे देशातच मोकळ्या निवडणुका होत नाहीत तिथून कोण निवडून येणार? सरकारचीच माणसं.

रानपाखरू:
@कोरी पाटी, अण्वस्त्रांचं एक वेळ मान्य करू, पण मग देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं काय? तिथे मोठ्या बदलांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांच्या वर आहेत, म्हणजे व्हेटोच झाला ना तो. प्रमुख कायम युरोपचा, जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिका ठरवेल तो, आणि कर्जाच्या अटी ज्यांच्या पगारावर, पेन्शनवर येतात त्यांचं मत अगदीच किरकोळ.

कोरी पाटी:
नाणेनिधीचं बरोबर आहे, तिथे बदल व्हावा. पण पैसे घालणाऱ्याचा शब्द कमी केला तर तो हात आखडता घेणार, हेही धरून चाला. आणि एप्रिल २०२२ पासून व्हेटो वापरला की कामकाजाच्या १० दिवसांत आमसभेत चर्चा होते, हे काहीच नाही का?

रानपाखरू:
चर्चा होते, पण ठराव पडलेलाच राहतो. ज्यांच्यावर बॉम्ब पडतायत त्यांनी ते १० दिवस कुठे काढायचे?