‘कॉन्ट्रास्ट’ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल_द: पोटाच्या सीटी स्कॅनसाठी येणाऱ्या रुग्णांकरता मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. स्कॅनच्या चित्रात आतले भाग ठळक दिसावेत म्हणून जे औषध देतात, त्या ‘कॉन्ट्रास्ट’ला शब्द हवाय. आधीच्या मसुद्यात ‘विरोधाभासी द्रव’ असं छापलंय! लोक ‘डाय’, ‘शाईचं इंजेक्शन’ म्हणतात, ते चालेल का? शिवाय तोंडाने द्यायच्या कॉन्ट्रास्टमध्ये पॉझिटिव्ह आणि न्यूट्रल असे प्रकार आहेत. त्यांना ‘धन’ आणि ‘उदासीन’ म्हणू?

गोदाकाठ: उदासीन द्रव प्यायला कोण तयार होईल? चित्रकार ‘उठाव देणे’ म्हणतात, त्यावरून ‘उठावद्रव्य’ कसं वाटतं? अर्थात ‘उठाव’ म्हटलं की 1857 आठवतं, ती अडचण आहेच.

क्ष_किरण: मी रेडिओलॉजीत आहे. ‘उठाव’ अर्थाला अगदी बरोबर. ‘शाई’ मात्र नको. शिरेतून देतात ते आयोडीनयुक्त औषध पाण्यासारखं रंगहीन असतं. ते कशालाही रंगवत नाही, फक्त क्ष-किरण जास्त शोषतं, म्हणून रक्तपुरवठा असलेला भाग पडद्यावर पांढरा दिसतो. ‘डाय’ आम्हीही बोलतो, पण लिहू नये.

पॉझिटिव्ह-न्यूट्रलचा संबंध सीटीच्या घनतेच्या मोजपट्टीशी आहे. तिच्यावर पाणी 0 आणि हवा उणे 1000. आयोडीन किंवा बेरियम घातलेलं पेय पाण्याच्या बरंच वर, म्हणून पॉझिटिव्ह. साधं पाणी किंवा मॅनिटॉलचं (साखरेसारखा एक पदार्थ) पातळ द्रावण पाण्याच्या आसपास, म्हणून न्यूट्रल. मग सरळ ‘पांढरं दिसणारं’ आणि ‘पाण्यासारखं दिसणारं’ लिहा ना.

मृणाल_द: पण मग पांढरं दिसणारंच सगळ्यांना का देत नाहीत? चित्र जास्त स्पष्ट येईल ना?

क्ष_किरण: हा समज फार पसरलेला आहे. आतड्याला सूज असेल तर शिरेतल्या औषधाने त्याची भिंत उजळते. साधारण 70 सेकंदांनी स्कॅन घेतला की ते छान दिसतं. पण आतली पोकळीही पांढरीधोप असेल तर भिंत त्यात बुडून जाते. आतड्यात रक्तस्राव शोधताना तर पांढरं पेय देऊच नये, गळणारं रक्तही पांढरंच दिसणार. बेरियम दाट झालं तर चित्रावर रेघोट्या उमटतात, ते वेगळंच.

मॅनिटॉल का, तर साधं पाणी वाटेतच शोषलं जातं आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग चपटा राहतो. मॅनिटॉल पाणी धरून ठेवतं, आतडं फुगतं, भिंत उलगडते. नंतर जुलाब होऊ शकतात. पत्रकात हे जरूर घाला, त्यावरूनच सर्वांत जास्त फोन येतात.

पांढऱ्या पेयाचा उपयोग आहेच: शस्त्रक्रियेनंतर आतड्याचा टाका गळतोय का, किंवा समोर दिसतंय ते आतड्याचं वेटोळं की पुवाची गाठ, हे त्याने चटकन कळतं. फक्त आतड्याला छिद्र असल्याची शंका असेल तर बेरियम बाद. ते पोटाच्या पोकळीत सांडलं तर भयंकर दाह होतो. तिथे पाण्यात विरघळणारं आयोडीनचं द्रावण.

गोदाकाठ: आणि मुतखड्याला?

क्ष_किरण: बहुतेकदा काहीच नाही, साधा स्कॅन. खडा मुळातच पांढरा दिसतो.

मृणाल_द: ठरलं तर. पहिल्यांदा ‘कॉन्ट्रास्ट औषध’, खाली एका ओळीत ‘याला काहीजण डाय म्हणतात, पण त्याला रंग नसतो’. ‘उठावद्रव्य’ डॉक्टरांसाठीच्या पुस्तिकेत वापरते.

क्ष_किरण: छान. त्याखालीच ‘क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम तपासणाऱ्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट सोबत आणा, पूर्वी याची ॲलर्जी आली असेल तर आधी सांगा’ हे ठळक अक्षरात घ्या.