पुण्णाच्या कथेत एक भर

बुद्धांचा शिष्य पुण्ण याला सोपाऱ्यात (आजच्या नालासोपाऱ्यात) लोकांनी मारलं आणि तो हसत राहिला, अशी कथा सांगितली जाते. मज्झिमनिकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या पुण्णोवादसुत्तात (१४५ वं) तसं नाही. मारहाण तिथे फक्त प्रश्नात आहे. पुण्ण सुनापरांत या प्रदेशात निघतो, बुद्ध विचारतात, तिथले लोक तापट, शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणतो, 'हाताने मारलं नाही, म्हणजे भलेच.' मग हात, ढेकूळ, काठी, शस्त्र, शेवटी जीवच घेतला तर? दर पायरीला उत्तर तेच वळण घेतं. प्रत्यक्षात कोणी हात उगारल्याचा उल्लेख नाही. उलट त्याच वर्षावासात (भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामात) सुमारे ५०० उपासक आणि ५०० उपासिका झाल्या.

माझ्या मते खरी हानी होते ती सुरुवात गाळल्याने. आधी बुद्ध थोडक्यात उपदेश करतात: डोळ्याला आवडणाऱ्या रूपात रमलं की नंदी (आसक्तीचा आनंद) उपजते, नंदीतून दुःख, तसंच कान, नाक, जीभ, काया, मन. हे वगळलं की पुण्ण नुसता सोशिक माणूस उरतो.

सोपाऱ्याचं नाव अट्ठकथेतलं, म्हणजे सुत्तावरच्या नंतरच्या टीकेतलं, सुत्तातलं नव्हे. त्याच नावाचा मांतानीपुत्त पुण्ण हा शिष्यही वेगळा, तो दुसऱ्या सुत्तात रथांच्या टप्प्यांची उपमा देणारा. नालासोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरला. तिथल्या अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा काळाघोड्याच्या वस्तुसंग्रहालयात आहे.