हॅलोवीनचा मुखवटा आणि आखाजीची घागर: विश्वासणाऱ्याने कोणते माप लावावे?

पांझराकाठ (धुळे)

सर्वांना जय ख्रिस्त.

माझी मुलगी दुसरीत शिकते. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना आली की, ३१ ऑक्टोबरला शाळेत हॅलोवीन साजरा होणार असून मुलींना काळा झगा व चेटकिणीची उंच टोपी आणि मुलांना सांगाड्याचा मुखवटा घालून पाठवावे. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका वडीलधाऱ्यांना विचारले, तेव्हा हा सैतानाचा दिवस असल्याने मुलीला त्या दिवशी घरीच ठेवावे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मी ते ऐकलेही असते. परंतु त्या रात्री एक विचार मनात आला आणि तो अजून जात नाही.

माझा बाप्तिस्मा वयाच्या तेविसाव्या वर्षी झाला. माहेर साक्री तालुक्यात आहे आणि माहेरी प्रभूला मानणारी मी एकटीच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मुलीला घेऊन तिथे जाते. माझी आई आजोबांच्या नावाने घागर भरते. मी त्या घागरीला हात लावत नाही, पण अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसते, सांजोऱ्या आणि आमरस खाते, आणि चार दिवस मनापासून आनंदात राहते. परदेशातून आलेला सण अंधाराचा म्हणून नाकारायचा आणि पितरांना घास दिला जातो त्या घरात, केवळ ते माझे माहेर आहे म्हणून, निर्धास्त बसायचे, हे मुलीने उद्या विचारले तर मी काय उत्तर देऊ? त्यातच नाताळचा दिवससुद्धा मुळात सूर्यपूजकांचा होता, असे आमच्याच मंडळीतला एक तरुण सांगत असतो. भावनेच्या भरात दिलेले उत्तर मला नको आहे. तिन्ही ठिकाणी लावता येईल असे माप हवे आहे.

निवृत्त शिक्षक (भुसावळ)

ताई, आधी इतिहास पाहू, कारण या विषयात अर्धवट इतिहासानेच फार गोंधळ केलेला आहे. हॅलोवीन या शब्दाचा अर्थ सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या असा आहे. १ नोव्हेंबरला सर्व संतांचे स्मरण करण्याची प्रथा पश्चिमेकडील मंडळीत आठव्या-नवव्या शतकात रुजली, आणि २ नोव्हेंबर हा मृत विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस ठरला. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये याच सुमारास केल्ट लोकांचा साविन हा उन्हाळा संपल्याचा सण असे, आणि त्या रात्री मृतांचा व अदृश्य शक्तींचा वावर असतो अशी समजूत होती. पुढे दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा लावत. ते अमेरिकेत गेल्यावर सलगमाच्या जागी भोपळा आला. प्रोटेस्टंट धर्मसुधारणा ज्यांनी सुरू झाली ते मार्टिन लूथरचे १५१७ चे पंचाण्णव सिद्धांतही ३१ ऑक्टोबरचेच आहेत. तारखेला स्वतःचा असा काही धर्म नसतो.

नाताळचेही तसेच आहे. २५ डिसेंबर हा प्रभूचा जन्मदिन मानल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधील, इ. स. ३३६ ची आहे. त्यापूर्वी २७४ मध्ये सम्राट ऑरेलियनने रोममध्ये सूर्यदेवाचे मंदिर उभारले होते, हे खरे. पण मंडळीने तो दिवस सूर्यपूजकांकडून उचलला की स्वतःच्या गणिताने काढला, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. हा दिवस अपवित्र आहे असे मानणारे कडवे ख्रिस्ती पूर्वीही होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता.

मला स्वतःला पवित्र शास्त्रातील दोन प्रसंग महत्त्वाचे वाटतात. गिदोनाने अशेरा देवीची मूर्ती तोडली आणि देवाच्याच आज्ञेने तिच्या लाकडावर परमेश्वरासाठी होमार्पण केले (शास्ते ६). लाकूड मूर्तीचे होते म्हणून ते कायमचे बाटले, असे देवाने मानले नाही. याच्या उलट, मोशेने केलेला पितळी साप तर देवाच्या आज्ञेने घडलेला होता. पण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८). म्हणजे मूळ वाईट म्हणून वस्तू टाकली गेली नाही आणि मूळ चांगले म्हणून ती वाचलीही नाही. आज ती कोणापुढे आणि कशासाठी ठेवली आहे, एवढेच पाहिले गेले.

एक आठवण सांगतो. माझे बालपण येथील रेल्वे वसाहतीत गेले. शेजारचे कॅथलिक कुटुंब २ नोव्हेंबरला संध्याकाळी दफनभूमीत जाई आणि त्यांच्याबरोबर मीही जात असे. ओळीने लावलेल्या मेणबत्त्या, वाऱ्याने विझली की कोणीतरी वाकून पुन्हा पेटवायची, आणि बायका हलक्या आवाजात गेलेल्यांविषयी बोलायच्या. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर आमच्या प्रोटेस्टंट घरात वेगळे मत होते, पण तिथे मला भीती कधीच वाटली नाही. हॅलोवीनचे मूळ त्या मेणबत्त्यांशी जोडलेले आहे. मुखवटे घालून खाऊ वाटला जात असेल, तर मुलीला घरी बसवण्याइतके कारण मला दिसत नाही.

बोरीकाठची आत्या (अमळनेर)

गुरुजींनी पुस्तकातले सांगितले, मी चुलीजवळचे सांगते. आखाजीला नव्या घागरीत पाणी भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात, सोबत आंबा आणि सांजोरी ठेवतात आणि पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकतात. त्याला आपल्याकडे आगारी म्हणतात. तूप निखाऱ्यावर पडले की चर्र आवाज होतो आणि घरभर वास पसरतो. प्रभूकडे वळल्यावर पहिल्याच वर्षी मी भावाच्या घरी त्या वेळी आत होते आणि सगळे नमस्काराला वाकले तेव्हा संकोचाने मीही वाकले. तो दिवस मला फार लागला, कारण माझ्या मनात तसे काही नव्हते आणि शरीराने मात्र ते केले होते.

दुसऱ्या वर्षी आखाजीच्या आठ दिवस आधी मी भावाला जाऊन सांगितले की, दादा, बाबांवर माझे प्रेम आहे, पण त्यांना घास पोहोचतो असे मी मानत नाही. आगारीच्या वेळी मी अंगणात बसेन, राग मानू नकोस. तो काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "तू उनी म्हनजे बठ्ठं उनं." (तू आलीस म्हणजे सगळे आले.) तेव्हापासून तेवढी दहा मिनिटे मी झोक्यावर बसते, आणि मग सर्वांसोबत जेवते. ताटातल्या सांजोरीविषयी मी चौकशी करत नाही. मूर्तीपुढचे असू शकेल अशा बाजारातल्या मांसाविषयी पौलाने तेच सांगितले आहे. मात्र हा घास पितरांपुढचा आहे असे सांगून कोणी हातावर ठेवला, तर मी तो नम्रपणे परत करते, कारण त्याच अध्यायात पौलाने तेही सांगितले आहे (१ करिंथकरांस १०).

आखाजी एकट्या घागरीची नाही, ताई. लेक माहेरी येते, सालदाराचे (वर्षभराच्या शेतगड्याचे) वर्ष ठरते, शेताचे नवे वर्ष सुरू होते. पुरुषांचे पत्त्यांचे डाव पैसे लावून रंगतात, त्यापासून मात्र माझ्या मुलांना मी घागरीपेक्षाही जास्त जपते. सण अख्खा गिळायचा किंवा अख्खा थुंकायचा, असे आपल्यावर कोणी बंधन घातलेले नाही.

सातपुडा (धडगाव)

गुरुजींचा मान राखून मी एका मुद्द्यावर असहमती नोंदवतो. अशेराच्या लाकडाचे तुम्ही सांगितले ते मला पटते, परंतु ताईंच्या मुलीला घालायला सांगितलेली टोपी चेटकिणीची आहे, आणि आमच्या डोंगरात तो शब्द खेळण्याचा नाही.

आमच्याकडे मूल आजारी पडले किंवा ढोर मेले, की काही लोक आजही बडव्याकडे (मांत्रिकाकडे) जातात आणि तो एखाद्या बाईला डाकीण, म्हणजे चेटकीण, ठरवतो. बहुधा ती विधवा असते किंवा तिच्या नावावर थोडी जमीन असते. माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहिणीला याच कारणाने रात्रीतून गाव सोडावे लागले. ती आमच्या घरी आली तेव्हा तिच्याकडे अंगावरचे लुगडे आणि एक कोंबडी एवढेच होते. ती कोंबडी तिने दोन दिवस मांडीवरून उतरवली नाही. अशा छळाविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण कायदा झाला म्हणून बायांच्या मनातली भीती गेली असे नाही.

माझे वडील स्वतः बडव्याचे काम करत असत. प्रभूने त्यांना त्यातून सोडवले. ज्याने भुतांच्या भीतीत अर्धे आयुष्य काढले, त्याच्यासमोर मंडळीतले मूल सांगाडा होऊन नाचले, तर त्याला काय वाटेल? पौल म्हणतो की मूर्ती काहीच नाही हे ज्ञान आपल्याला आहे, पण ते सर्वांना नाही, आणि माझ्या खाण्याने भाऊ अडखळणार असेल तर मी मांस खाणारच नाही (१ करिंथकरांस ८). त्यामुळे साविन सणाचा विचार मी करतच नाही. ती टोपी आज, या जिल्ह्यांत, कोणाच्या जखमेवर बोट ठेवते, हे मी पाहतो.

निवृत्त शिक्षक (भुसावळ)

भाऊ, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. आज ती वस्तू कोणापुढे ठेवली आहे, हे पाहावे असे मीच लिहिले आणि तुमच्या आत्यांसारख्या बाईपुढे ती टोपी ठेवून पाहिली नाही. मी शेवटी दिलेला सल्ला मागे घेतो.

पांझराकाठ (धुळे)

सर्वांचे मनापासून आभार. काल मी वर्गशिक्षिकेला भेटले. धर्माचा मुद्दा पुढे न करता त्यांना डाकीण प्रथेविषयी सांगितले आणि मुलीला या वेषात पाठवणार नाही, हे स्पष्ट केले. त्या स्वतः तळोद्याच्या आहेत. त्यांना अधिक समजावून सांगावे लागले नाही. त्या दिवशी मुलांनी फळे-भाज्यांचे वेष करावेत, असे त्या मुख्याध्यापकांना सुचवणार आहेत. ते मान्य झाले नाही, तर मुलगी त्या दिवशी घरी राहील, आणि का राहिली हे मी तिला तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगेन.

आखाजीला अजून सहा महिने आहेत. आत्यांनी भावाशी केले तसे बोलणे मला आईशी करायचे आहे, आणि ते फोनवर होणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत साक्रीला जाईन तेव्हा बोलेन. कृपया माझ्या आईसाठी प्रार्थना करा. आजोबा गेल्यापासून त्यांच्या नावाची घागर तिने एकही वर्ष चुकवलेली नाही, आणि मी अंगणात बसणार हे ऐकल्यावर, आपल्या वडिलांना मी परके केले, असे तिला वाटू नये एवढीच माझी इच्छा आहे.