झेंडू आणि सीताफळ ऑइलमध्ये: पिवळ्याची सावली हिरवट होतेय, आणि चित्र वाळतच नाहीये

कर्दळ:
नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, नंतर बरीच वर्षं फक्त वॉटरकलर. यंदा ठरवून ऑइल रंग घेतले. दसऱ्याला आणलेल्या झेंडूंपैकी सात-आठ फुलं, आजेसासूबाईंचा पितळी तांब्या आणि दोन सीताफळं अशी मांडणी केली, खाली जुनं विटकरी नऊवारी. १२ बाय १६ इंची कॅनव्हास बोर्ड. रोज रात्री मुलं झोपल्यावर तासभर मिळतो तेवढंच काम होतं.

तीन अडचणी आहेत. एक, झेंडूच्या सावलीसाठी पिवळ्यात थोडा काळा घातला की शेवाळासारखा हिरवट रंग होतो, फूल कुजल्यासारखं दिसतं. जास्त पिवळा घातला की पुन्हा सपाट. दोन, चौथ्या दिवशी सीताफळ पिकून उकललं आणि चिलटं आली, झेंडूही माना टाकून बसले, म्हणजे मी जे रंगवत होते ते समोर राहिलंच नाही, मग अंदाजाने केलं आणि सगळं बिघडलं. तीन, तीन आठवडे झाले तरी तांब्याचा भाग हाताला चिकटतो आणि वरच्या रंगाला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्यात. मुलांचे हात लागू नयेत म्हणून बोर्ड कपाटात उभा ठेवलाय.

फोटोवरून करावं का? की हे असंच असतं? मनापासून शिकायचंय, जे चुकलं असेल ते स्पष्ट सांगा.

द्राक्षमळा:
ताई, हिरवट होण्याचं कारण साधं आहे. ट्यूबमधला काळा, खास करून आयव्हरी ब्लॅक, पातळ केला की निळसर असतो. पिवळा अधिक निळसर काळा म्हणजे हिरवा, त्यात तुमचा हात वाईट नाही. झेंडूसाठी काळ्याची ट्यूब पॅलेटवर काढूच नका.

आता एक करा, एक झेंडू हातात घ्या आणि खिडकीपाशी जाऊन पाकळ्यांच्या मधल्या फटीत बघा. तिथे काळं काहीच दिसणार नाही, तिथे लालसर केशरी दिसेल, अगदी निखाऱ्यासारखं, कारण पाकळीतून उजेड आरपार येतो आणि एका पाकळीवरून दुसरीवर आपटत आत जातो, जितका आत जाईल तितका तांबडा होत जातो. म्हणजे फुलाच्या आतली सावली गरम आहे. तिथे बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, आणि किंचित क्रिमसन, म्हणजे गडद लाल. पण फुलाची जी बाजू उजेडाकडे पाठ करून आहे तिथे वेगळं, तिथे यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) सुईच्या टोकाएवढा जांभळा, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि क्रिमसन मिसळून केलेला. जांभळा पिवळ्याला मारतो पण हिरवा करत नाही. आणि पिवळा उजळ करायला भसाभस पांढरा घालू नका, पांढऱ्याने पिवळा खडूसारखा होतो. लेमन यलो थोडा आणि पांढरा अगदी शेवटच्या दोन-चार पाकळ्यांच्या कडेला, बस.

दुसरं म्हणजे तुम्ही पाकळ्या मोजत रंगवत असाल असं वाटतंय, कारण सगळे सुरुवातीला तेच करतात. आधी झेंडू हा चेंडू आहे असं समजा. उजेडाची बाजू, मधली, अंधारी, तीन रंगांत चेंडू पूर्ण करा, डोळे बारीक करून बघा गोल दिसतोय का, मगच दहा-बारा पाकळ्या, त्याही जिथे उजेड आणि सावली भेटतात तिथेच. बाकीच्या बघणारा स्वतः भरतो. सीताफळाचंही तेच, आधी गोळा मग डोळे. प्रत्येक डोळ्याला स्वतःची छोटी सावली आहे हे खरं पण ती सगळ्या फळाच्या सावलीच्या आत आहे, हे विसरलं की फळ गोल राहत नाही, फरशीसारखं होतं. आणि सीताफळावर जी पांढरट निळसर पूड असते ना, बोट लावलं की निघते ती, ती रंगवायची मजा वेगळीच आहे. खालचा हिरवा पूर्ण वाळू द्या, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा, अल्ट्रामरीन आणि कणभर ऑकर असा राखाडी नुसता वरून फिरवायचा, उंचवट्यांवरच बसतो. आमच्याकडे द्राक्षांवर तसाच पांढुरका थर असतो आणि मी त्याच पद्धतीने करतो. द्राक्ष हाताळून ठेवलं तर तो पुसला जातो म्हणून मांडताना देठाला धरा. तुमच्या सीताफळालाही हेच लागू.

शेवंती_पुणे:
फुलांच्या बाबतीत मी सांगते, मी फक्त फुलंच करते. फूल थांबत नाही हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. आपण गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतो ना, तसंच, काम झालं की झेंडू पाण्यात देठ ठेवून आख्खे फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, काढल्यावर दहा मिनिटं घाम पुसायचा आणि परत त्याच जागी. जागेसाठी टेबलावर खडूने तांब्याभोवती गोल काढून ठेवा. झेंडू आणि शेवंती त्यातल्या त्यात दमदार, जास्वंद मात्र एका दिवसाची पाहुणी, गुलाब तर तुम्ही बघत असतानाच उमलत जातो. म्हणून जे आधी जाणार ते आधी रंगवायचं, तांबं-पितळ, कापड शेवटी. फळं दोन जोड्या आणायची, एक कच्ची. सीताफळ डोळे उघडायच्या आधीचं, कडक घ्या, चार-पाच दिवस मिळतात.

आणि एक गोष्ट मला फार धीर देते म्हणून सांगते. यान व्हान हाउसम म्हणून डच चित्रकार होता, फुलांचा बादशाह म्हणतात त्याला. वसंतातली ट्युलिप आणि उन्हाळ्यातली फुलं एकाच कुंडीत दाखवायचा, ती एका वेळी मिळणारच नाहीत, म्हणून तो थांबायचा. १७४२ मध्ये त्याने एका गिऱ्हाइकाला कळवलं की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र राहिलंय. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं एक फुलांचं चित्र आहे, त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन्ही सालं घातलीत. म्हणजे झेंडू गेला तर दुसरा आणून त्या जागी ठेवणं ही फसवणूक नाही हो ताई, हीच रीत आहे. तुमचं सगळं बिघडलं ते झेंडू गेले म्हणून नाही, नवीन न आणता आठवणीतून केलं म्हणून.

फोटोबद्दल माझं मत स्पष्ट नाही असंच आहे. फोनचा कॅमेरा भडक केशरी आणि पिवळ्यात गडबडतो, उजेडातल्या सगळ्या पाकळ्या एकच पिवळा ठिपका होऊन जातात, आणि वर द्राक्षमळा यांनी सांगितलेला तो निखारा तर फोटोत नसतोच. मांडणी लक्षात राहावी म्हणून एक फोटो ठेवा, रंगासाठी नको.

कर्दळ:
किती मनापासून लिहिलंय दोघांनी, खूप आभार. आत्ता एक झेंडू घेऊन बसले होते, खरंच आत लाल आहे!! इतकी वर्षं तोरणं केली, कधी दिसलं नाही. तिसरा प्रश्न राहिला, चिकटपणाचा. तेल मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतलंय, डबल बॉइल्ड जवसाचं, तो म्हणाला पेंटमध्ये हेच घालतात. पहिल्या थरातच छान पसरावं म्हणून भरपूर घातलं होतं.

खडूफळा:
तेल बदला, आजच. मी मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलो, नंतर ३० वर्षं ड्रॉइंग शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. डबल बॉइल्ड हे दारं-खिडक्यांसाठी असतं, त्यात ड्रायर, म्हणजे लवकर वाळवणारी रसायनं, घातलेले असतात, रंगही गडद, चित्र पिवळं पडतं. चित्रकलेच्या दुकानात रिफाइन्ड लिनसीड, म्हणजे शुद्ध केलेलं जवसाचं तेल, मिळतं, छोटी बाटली वर्षभर पुरते.

आता सुरकुत्या का पडल्या ते समजून घ्या म्हणजे पुन्हा होणार नाही. वॉटरकलर पाणी उडून वाळतो. ऑइल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. तेल जास्त आणि थर जाड असला की वरच्या बाजूला हवा लागते तिथे साय धरते, आतलं ओलंच, साय वाळताना फुगते आणि तिला जागा नसते म्हणून चुण्या पडतात. त्यात तुम्ही बोर्ड बंद कपाटात ठेवलात. तिथे ना हवा ना उजेड. अंधारात वाळलेलं ऑइल पिवळटही होतं, उजेडात आणून ठेवलं की त्यातलं पुष्कळसं परत जातं, म्हणून खिडकीच्या उजेडात पण थेट ऊन लागणार नाही असं उंचावर टांगा, मुलांचा हात पोचणार नाही. पावसाळ्यात दमट हवेत आणखी वेळ लागतो, आमच्या कोकणात तर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी येते, तेव्हा भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवायचं.

पुढच्या वेळी पहिला थर बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी), फक्त टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावणात, पातळ केलेला, पाणचट. उजेड-अंधार तेवढाच मांडायचा. अंबरमध्ये मँगनीज असतं त्यामुळे तो लवकर वाळतो, बहुधा दुसऱ्या रात्री तुम्हाला कोरडा मिळेल. त्यावर रंग, त्यात थोडं तेल, शेवटच्या थरात त्याहून थोडं जास्त. खाली कमी तेल, वर जास्त, उलटं केलं की वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात. वर्गात मी मुलांना सांगायचो, आधी ताक मग लोणी.

वाळल्यावर काही जागा मेल्यासारख्या निस्तेज दिसतील, विशेषतः अंबरच्या, घाबरू नका, तिथे तेलाचा अगदी पुसट हात फिरवून फडक्याने पुसून घ्या, रंग परत येतो. व्हार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, घरात लहान मुलं आहेत म्हणून. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात, कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटू शकतं, हे खरंच घडतं. पसरून बाहेर वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून बुडवून ठेवा. टर्पेंटाइन खिडकी उघडी ठेवूनच, आणि पाण्याच्या ग्लासमध्ये कधीच नाही.

पितळ_तांबट_आळी:
सरांचं बरोबरच आहे पण एक वेगळा रस्ता सुचवतो. तासभरच मिळतो तर तासाभराचं चित्र करा. ६ बाय ८ इंची बोर्ड, एकच झेंडू, एकाच बैठकीत ओल्यावर ओला, म्हणजे खालचा रंग वाळायची वाट न बघता, संपलं. माने या फ्रेंच चित्रकाराने शेवटच्या आजारपणात, १८८२-८३ मध्ये, भेटायला येणाऱ्यांनी आणलेली फुलं अशीच छोट्या कॅनव्हासवर केली, काचेच्या पेल्यात दोन-चार फुलं, बाकी काही नाही. पेल्यातलं पाणी आणि देठ बघा त्यात, चारपाच फटकारे आहेत फक्त. अशी पंधरा-वीस केलीत की मोठ्या चित्रात हात आपोआप चालेल.

तांब्याबद्दल कुणी बोललं नाही. पितळेला स्वतःचा रंग फार थोडा, तो शेजाऱ्यांचा रंग घेतो. झेंडूच्या बाजूला त्यात केशरी पट्टा दिसेल, साडीच्या बाजूला विटकरी, आणि जिथे दिव्याचा चमकारा आहे त्याच्या अगदी शेजारी जवळजवळ काळं. तो काळा धीराने लावला तरच चमकारा चमकतो. आणि रात्री करताय तर दिवा एकच, एका बाजूने, ट्यूबलाइट बंद. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवून आत मांडणी करा, म्हणजे उजेड रोज तोच राहील. पण पॅलेट आणि बोर्डवर वेगळा पांढरा दिवा हवा, नाहीतर सकाळी रंग भलतेच दिसतात.

शेवंती_पुणे:
आधी राहिलं, क्रिमसनची ट्यूब घेताना मागे पिगमेंट नंबर बघा, म्हणजे आत नेमकं कुठलं रंगद्रव्य आहे त्याचा क्रमांक. पीआर ८३ असेल तर तो उजेडात उडतो, पीव्ही १९ टिकतो. व्हान गॉगचे १८९० चे गुलाब आहेत, आज पांढरे दिसतात, ते त्याने गुलाबी रंगवले होते, त्यातला लाल उडून गेला. सावल्यांमध्ये क्रिमसन वापरणार असाल तर हे बघाच.

कर्दळ:
सगळ्यांना मनापासून नमस्कार. जुना बोर्ड खिडकीवर टांगलाय, तो आता ठेवूनच देणार. तेल बदललं, फडकी गॅलरीत दोरीवर आहेत. काल रात्री ६ बाय ८ वर एकच झेंडू केला, काळा न काढता, आतल्या फटीत बर्न्ट सिएना आणि क्रिमसन, सव्वा तास लागला. पाकळ्या नऊच केल्या. सकाळी धाकटी उठून आली, लांबूनच बघितलं आणि म्हणाली आई हे फूल पाण्यात ठेव ना, सुकेल. आज संध्याकाळी मंडईतून कडक सीताफळ आणते, देठाला धरून.